करोना होऊन गेलाय, मग लस कधी आणि किती? (अण्णांच्या कॅलेंडरचं गणित)

हळकुंड | १२ जून २०२१, रात्री १०:४२

मंडळी, एक गणित अडलंय. जाणकारांनी सोडवून द्या, नाहीतर अण्णा मला रोज सकाळी सातला फोन करत राहतील.

माझे वडील (वय ६८, बीपीची गोळी चालू, बाकी ठणठणीत) सांगलीत असतात. ३ एप्रिलला कोविशील्डचा पहिला डोस घेतला. तेव्हा दुसरा ६ ते ८ आठवड्यांनी घ्या असं सांगितलं होतं. अकराव्या दिवशी, १४ एप्रिलला, अण्णा पॉझिटिव्ह. पाठोपाठ आई. आईने लस घेतलेलीच नव्हती. गंमत बघा, आई घरातल्या घरात बरी झाली आणि लस घेतलेले अण्णा ऑक्सिजनवर सहा दिवस. २ मेला घरी आले.

मग १३ मेला नियम बदलला, कोविशील्डचं अंतर १२ ते १६ आठवडे. १९ मेला आणखी एक नियम: पहिल्या डोसनंतर करोना झाला असेल तर बरं झाल्यावर तीन महिने थांबा, मगच दुसरा.

अण्णा एसटीत कंट्रोलर होते. वेळापत्रक चुकलं की त्यांना घास गोड लागत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेन्सिलने लिहून ठेवलंय. २४ जुलैच्या चौकोनात "१६ आठ. संपले". २ ऑगस्टच्या चौकोनात "३ म. पूर्ण". आणि मला विचारतात, "मधले नऊ दिवस मी कुठल्या फलाटावर उभं राहायचं?"

तर प्रश्न असे:
१६ आठवडे उलटून गेल्यावर पहिला डोस फुकट जातो का?
आईला करोना होऊन गेलाय, तिला एकच डोस पुरेल का? मैत्रीण म्हणते फ्रान्समध्ये एकच देतात.
आणि मुळात बरं झालेल्या माणसाला लस दिली की आत नेमकं होतं काय? हा माझा स्वतःचा प्रश्न, अण्णांचा नाही.

---

तळलेला_बटाटा | १२ जून २०२१, रात्री १०:५०

नऊ दिवस म्हणजे नवरात्र. घट बसवा.

(हलके घ्या. जाणकार येईपर्यंत जागा अडवून ठेवली.)

---

ओसरी | १२ जून २०२१, रात्री ११:१५

आमच्याकडेही डिट्टो. सासूबाईंना पहिला डोस, दहा दिवसांनी पॉझिटिव्ह. सगळी सोसायटी म्हणते लसीमुळेच झाला. आता त्या दुसऱ्याचं नाव काढू देत नाहीत. वाचते आहे.

---

पीएचसीवाला | १३ जून २०२१, सकाळी ७:०५

प्राथमिक आरोग्य केंद्रात रोज हेच प्रश्न ऐकतो, म्हणून लिहितो. समोर बसून तपासल्याशिवाय दिलेला सल्ला हा सल्ला नसतो, हे आधी लक्षात घ्या.

अण्णांना सांगा, १६ आठवडे ही दुधाच्या पिशवीवरची तारीख नाही. त्या दिवशी रात्री बारा वाजता पहिला डोस नासत नाही. पहिल्या डोसने आणि नंतर खुद्द आजाराने शरीराला जे शिकवलंय ते नवव्या दिवशी, नव्वदाव्या दिवशीही तिथेच असणार आहे. दोन नियम भांडत असतील तर करोना झालेल्याने तीन महिन्यांचा नियम पाळावा. २ ऑगस्टनंतर ज्या दिवशी लस मिळेल त्या दिवशी जा.

ओसरी, लसीमुळे करोना होत नाही. कोविशील्डमध्ये करोनाचा व्हायरसच नसतो. चिंपांझीच्या सर्दीचा एक व्हायरस घेतात, तो शरीरात वाढू शकणार नाही असा करतात आणि त्याच्या पाठीवर करोनाच्या स्पाइकची (व्हायरसच्या अंगावरच्या काट्यासारख्या प्रथिनाची) कृती लिहून पाठवतात. दहाव्या दिवशी पॉझिटिव्ह येणाऱ्याला लागण एकतर लसीच्या आधी झालेली असते किंवा संरक्षण तयार व्हायच्या आत. एप्रिलमध्ये तर लसीच्या रांगेतच लोकांनी करोना घेतला असेल, अशा रांगा होत्या.

हळकुंड, अण्णांना प्लाझ्मा (बरे झालेल्यांच्या रक्तातला अँटीबॉडीवाला द्रव) दिला होता का? कारण प्लाझ्मा घेतलेल्यांनाही डिस्चार्जपासून तीन महिने थांबायला सांगितलंय.

---

हळकुंड | १३ जून २०२१, सकाळी ७:४०

डॉक्टर, नाही दिला. शोधत होतो आम्ही, सगळ्या ग्रुपांवर मेसेज टाकले होते. मिळाला नाही.

---

पीएचसीवाला | १३ जून २०२१, सकाळी ७:५२

बरं झालं. १७ मेला उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा काढूनच टाकला. अनेकांनी त्याच्यासाठी रात्री पायपीट केली, त्याचं वाईट वाटतं.

---

बदलापूर_८_१२ | १३ जून २०२१, सकाळी ९:३०

तीन महिने थांबा हे विज्ञान आहे की लस संपलीय म्हणून काढलेली पळवाट? मे महिन्यात आपल्याच राज्यात १८ ते ४४ चं लसीकरण थांबवून साठा ४५ वरच्यांकडे वळवला होता. मला ओटीपी येईपर्यंत स्लॉट गेलेला असतो. संशय येणारच ना.

---

सूक्ष्मदर्शी | १३ जून २०२१, दुपारी २:२०

बदलापूर, दोन्ही आहे. साठा अपुरा होता हे खरंच. पण थांबण्याला आधार आहे, आणि तो हळकुंडच्या तिसऱ्या प्रश्नात दडलाय. मी प्रतिकारशक्तीवरच काम करते (उंदरांच्या, पण असो). सैनिक, शत्रू, किल्ला ही उपमा वापरून वीट आलाय, म्हणून ब्लाऊज घेते.

लागण झाली की काखेतल्या, मानेतल्या लसिकाग्रंथींमध्ये एक शिंपीकाम सुरू होतं. बी पेशी नावाचे शिंपी व्हायरसच्या स्पाइकच्या मापाच्या अँटीबॉडी शिवायला बसतात. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतल्या अँटीबॉडी म्हणजे लग्नाच्या आदल्या रात्री टाचलेला ब्लाऊज. अंगात जातो, पण बसत नाही. पुढे काही आठवडे, काही जणांत काही महिने, तिथे उसवाउसव चालू राहते. ज्या पेशीचं माप घट्ट बसतं ती टिकते, जिचं सैल ती बाद. गाळून राहिलेल्यांतले काही हाडांच्या मगजात जाऊन बसतात आणि थोड्या थोड्या अँटीबॉडी सोडत राहतात. बाकीच्या स्मृतिपेशी. त्या काहीच करत नाहीत. माप वहीत लिहून गप्प.

मगजातल्या पेशींचं नुसतं तोंडी सांगत नाही. गेल्या महिन्यात नेचरमध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचा अभ्यास आला. सौम्य करोना होऊन गेलेल्या १९ जणांच्या हाडाच्या मगजाचे नमुने सुमारे सात महिन्यांनी तपासले, त्यातल्या १५ जणांत या पेशी सापडल्या.

आता अशा माणसाला लस दिली की शिंप्याला माप घ्यायला लागत नाही. वही उघडली, कात्री चालवली. म्हणून न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमध्ये फायझर-मॉडर्ना घेतलेल्यांत असं दिसलं की आधी करोना झालेल्यांच्या अँटीबॉडी पहिल्याच डोसनंतर इतरांच्या १० ते ४५ पट होत्या. आणि दुसऱ्या डोसने त्यात आणखी भर पडली नाही. फ्रान्सने फेब्रुवारीत बरे झालेल्यांना एकच डोस ठरवला तो अशाच निष्कर्षांवर. कोविशील्डवर आपल्याकडे हैदराबादच्या एआयजी रुग्णालयाने २६० आरोग्य कर्मचाऱ्यांवर काम केलंय, निष्कर्ष त्याच दिशेचा.

थांबायचं का? एक, उसवाउसव पुरी होऊ द्यावी. दोन, रक्तात ताज्या अँटीबॉडी भरपूर असतील तर त्या लसीतून बनलेलं स्पाइकच धरून बाजूला करतात, शिंप्यापर्यंत कापड पोचतच नाही. आणि बरं झाल्यावर लगेचच्या महिन्यांत पुन्हा लागण व्हायची शक्यता तशी कमी असते, म्हणजे थांबण्यात तोटाही मोठा नाही.

---

सुईदोरा | १३ जून २०२१, दुपारी ४:०८

सूक्ष्मदर्शी, तीस वर्षं ब्लाऊज शिवतेय, पण माझ्या धंद्यावर असं भाषण प्रथमच ऐकलं. एक विचारू? बाई जाड झाली तर? म्हणजे तो डेल्टा की काय आलाय त्याचं माप वेगळं ना? मग जुनी वही काय कामाची?

---

सूक्ष्मदर्शी | १३ जून २०२१, सायंकाळी ५:३१

सुईदोरा, तुम्ही आत माया सोडता ना, तेच! सगळ्या स्मृतिपेशी एकाच मापाच्या नसतात. उसवाउसवीत काही जराशा वेगळ्या मापाच्याही तयार होतात आणि शरीर त्या टाकून देत नाही. बरं झाल्यावर लस घेतली की या वेगळ्या मापाच्यांनाही काम मिळतं. म्हणून बरे होऊन लस घेतलेल्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडी बदललेल्या व्हायरसलाही तुलनेने बऱ्या अडवतात. नुसते बरे झालेले किंवा नुसता एक डोस घेतलेले यांच्यापेक्षा बरे होऊन लस घेतलेले पुढे.

---

सुईदोरा | १३ जून २०२१, सायंकाळी ५:४०

हो, अर्धा इंच माया तरी पाहिजेच. बाजारात रेडिमेड मिळतात त्यात सोडतच नाहीत हल्ली.

---

निसर्गमित्र_७२ | १३ जून २०२१, रात्री ८:१९

एवढं सगळं वाचून एकच कळलं, शरीराने स्वतःच काम केलेलं आहे. मग वर टोचायचं कशाला? आमच्या लहानपणी गोवर, कांजिण्या एकदा होऊन गेल्या की जन्माची सुटका. निसर्गाने दिलेली प्रतिकारशक्ती कारखान्यातल्या बाटलीपेक्षा श्रेष्ठच असणार. मला मार्चमध्ये झाला, काढा घेतला, पाचव्या दिवशी अंगणात. लस घेतलेली नाही, घेणार नाही.

---

पीएचसीवाला | १३ जून २०२१, रात्री ९:०२

निसर्गमित्र, तुम्ही बरे झालात याचा आनंद आहे. पण ही प्रतिकारशक्ती मिळवण्याची फी आधी भरावी लागते आणि ती किती हे कुणाला आधी कळत नाही. एप्रिलमध्ये माझ्या केंद्रातून रेफर केलेल्या माणसांपैकी जे परत आले नाहीत ते या धाग्यावर प्रतिसाद द्यायला येणार नाहीत. ऐकू येतायत ते फक्त अंगणात पोचलेले.

बरं झालेल्याने लस नाही घेतली तर त्याच्याकडे काहीच नाही असं मी म्हणत नाही. आहे. पण प्रत्येकाकडे सारखं नाही. सौम्य होऊन गेलेल्या काहींच्या अँटीबॉडी फारच कमी बनतात. कुणाची वही भरलीय, कुणाची कोरी, हे बाहेरून दिसत नाही.

---

सूक्ष्मदर्शी | १३ जून २०२१, रात्री ९:४५

आणि गोवराचं उदाहरण फिरून तुमच्यावरच येतंय. गोवर एकदा झाला की पुन्हा सहसा होत नाही हे खरं. पण गोवराचा व्हायरस स्मृतिपेशींतच घुसतो आणि बाकीच्या आजारांच्या वह्या फाडून जातो. गोवर होऊन गेलेल्या मुलांत इतर आजारांविरुद्धच्या अँटीबॉडी मोठ्या प्रमाणात घटलेल्या आढळल्या आहेत. पुढची दोन-तीन वर्षं ती मुलं भलत्याच जंतूंना बळी पडू शकतात. निसर्ग देतो तसा नेतोही.

(अवांतर: "आधी आजार, मग लस" हा क्रम प्रत्येक व्हायरसात वेगळा खेळतो. डेंगीत तर उलटाच. डेंगव्हॅक्सिया नावाची लस ज्यांना आधी डेंगी होऊन गेलाय त्यांना उपयोगी पडते. ज्यांना कधीच झाला नव्हता त्यांच्या बाबतीत ती लसच जणू पहिली लागण ठरते आणि नंतरची खरी लागण जास्त गंभीर होऊ शकते. डेंगीचे चार प्रकार आहेत, एकाच्या अँटीबॉडी दुसऱ्याला पेशीत शिरायला हात देतात. फिलिपाइन्समध्ये आठ लाखांहून जास्त मुलांना दिल्यानंतर २०१७ च्या अखेरीस हे बाहेर आलं आणि कार्यक्रम थांबवावा लागला. करोनाच्या लसींत असं काही होतंय का याच्यावर पहिल्यापासून नजर आहे, तसं दिसलेलं नाही.)

---

तळलेला_बटाटा | १३ जून २०२१, रात्री ९:५८

वीकांताला ब्लाऊज, गोवर, डेंगी. पुढच्या प्रतिसादात पाककृती येणार. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

मोडीवाचक | १४ जून २०२१, सकाळी १०:१०

पाककृती नाही, इतिहास. आजची तारीख बघा. १४ जून १८०२ ला मुंबईत हिंदुस्थानातली पहिली लस टोचली गेली, देवीची. घेणारी तीन वर्षांची मुलगी, नाव ॲना डस्टहॉल. पुढे तिच्या हातावरच्या फोडातली लस काढून दुसऱ्यांना, त्यांच्याकडून तिसऱ्यांना, अशी हातोहात ती देशभर गेली. शीतपेटी म्हणजे माणूसच.

म्हणजे हळकुंड, आपल्याकडे सुरुवात ॲनाने केली आणि गाडी अण्णांपाशी येऊन अडकली.

आणि लस येण्याआधीच्या काळात इंग्लंडात नोकर हवा असल्याच्या जाहिरातींत "देवी येऊन गेलेला असावा" अशी अट घालत. होऊन गेलेल्याचा भाव तेव्हापासून आहे.

---

हळकुंड | १४ जून २०२१, दुपारी १२:३०

मोडीवाचक, हे अण्णांना वाचून दाखवलं. म्हणाले, "बघ, १८०२ मध्ये सुद्धा गाडी वेळेवर सुटली."

आता नवीनच भानगड. आमच्या शेजारच्या काकांनी लॅबमध्ये अँटीबॉडी मोजून घेतल्या, ३४०० आल्या. अण्णांनी माझ्या नकळत दुसऱ्या लॅबमध्ये मोजल्या, "२५० पेक्षा जास्त" आल्या. कालपासून अण्णा उदास. काका फाटकापाशी उभे राहून "किती आल्या? किती आल्या?" दहावीचा निकाल लागल्यासारखं चाललंय.

---

सूक्ष्मदर्शी | १४ जून २०२१, दुपारी १:१५

अण्णांना म्हणावं पेढे वाटा!

दोन लॅबची मापं वेगळी आहेत. एक मैलात मोजतो, दुसरा फुटात. रोशच्या स्पाइक चाचणीत ०.८ च्या वर पॉझिटिव्ह आणि रक्त पातळ करून पुन्हा मोजलं नाही तर यंत्र २५० वर थांबतं. ॲबटच्या चाचणीत पॉझिटिव्हची रेषाच ५० वर आहे. "२५० पेक्षा जास्त" म्हणजे काटा शेवटाला टेकला, पुढे किती ते लिहिलंच नाही.

दुसरी गंमत. काही चाचण्या स्पाइकच्या अँटीबॉडी मोजतातच मुळी नाही, न्यूक्लिओकॅप्सिड नावाच्या आतल्या प्रथिनाच्या मोजतात. कोविशील्डने फक्त स्पाइक शिकवलेलं असतं. त्यामुळे करोना न झालेल्या, कोविशील्डचे दोन्ही डोस घेतलेल्या माणसाने ती चाचणी केली की निगेटिव्ह येते आणि घरात रडारड. कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा मारलेला व्हायरस असतो, तिथे हा फरकही पक्का राहत नाही.

आणि वहीतलं माप यात कुठेच मोजलं जात नाही. रक्तातल्या अँटीबॉडी कालांतराने उतरणारच, सगळ्यांच्या उतरतात. स्मृतिपेशी आणि टी पेशी (लागण झालेल्या पेशी ओळखणाऱ्या) वेगळ्या. २००३ च्या सार्समधून वाचलेल्यांत १७ वर्षांनंतरही त्या व्हायरसला ओळखणाऱ्या टी पेशी सिंगापूरच्या लोकांना सापडल्या. अमेरिकेच्या एफडीएने गेल्या महिन्यात स्पष्टच सांगितलंय, लसीनंतर आपलं संरक्षण किती ते ठरवायला या चाचण्या वापरू नका.

---

ओसरी | १४ जून २०२१, दुपारी १:४०

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अँटीबॉडीच्या आकड्यांची यादी फिरतेय, चढत्या क्रमाने. अध्यक्ष शेवटून दुसरे. बैठक लांबली आहे.

---

इझारकाठचा | १५ जून २०२१, रात्री १:२०

म्युनिकहून. इथे बरं झालेल्याला वेगळा दर्जाच आहे. पीसीआर पॉझिटिव्ह आल्याच्या २८ दिवसांनंतर सहा महिन्यांपर्यंत तुम्ही "बरा झालेला", हॉटेलात वगैरे लस घेतलेल्यासारखेच. साधारण सहा महिन्यांनी एक डोस घ्यायचा आणि तो एकच धरून लसीकरण पूर्ण. मला नोव्हेंबरमध्ये झाला होता, गेल्या आठवड्यात एक डोस घेतला. रात्री दात वाजले, अंग ठणकलं. बायकोला करोना झाला नव्हता, तिला पहिल्या डोसला काहीच नाही. ती म्हणाली, नाटकं.

---

पीएचसीवाला | १५ जून २०२१, सकाळी ६:५०

नाटकं नाहीत, वहिनींना दाखवा. आधी होऊन गेलेल्यांना पहिल्या डोसला ताप, अंगदुखी जास्त होते हे अभ्यासांतही आलंय आणि माझ्या ओट्यावर रोज दिसतं. शिंपी जागा झाला की मशीनचा आवाज होणारच. म्हणून मी सुई टोचायच्या आधी विचारतो, "होऊन गेलाय का?" हो म्हणाले की पॅरासिटामॉल हातात देतो आणि सांगतो, रात्री ताप येईल, परत करोना झाला म्हणून गावभर सांगू नका. मात्र ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही किंवा खोकला, धाप लागली तर तपासणी करायचीच.

हळकुंडच्या आईचा प्रश्न राहिलाच. शास्त्र म्हणतं, एका डोसनेही त्यांचं चांगलं भागू शकेल. आपला नियम म्हणतो, दोन. माझ्यासमोर आल्या तर मी दोन सांगेन. कारण त्यांची वही भरलीय की कोरी, हे मला माहीत नाही, आणि दुसऱ्या डोसने बिघडणार काही नाही.

---

बदलापूर_८_१२ | ११ ऑगस्ट २०२१, सकाळी ८:४४

धागा वर काढतोय, कारण पोट जळतंय. १५ ऑगस्टपासून लोकल सुरू, पण दोन डोस आणि वर १४ दिवस झालेल्यांनाच. मला एप्रिलमध्ये करोना. नियमाप्रमाणे तीन महिने थांबलो, जुलैच्या अखेरीस पहिला डोस मिळाला. आता दुसरा ऑक्टोबरच्या अखेरीस. म्हणजे सूक्ष्मदर्शींच्या हिशेबाने माझ्या अंगात दोन डोसवाल्यापेक्षा कमी काही नाही, उलट जास्तच. पण लोकलच्या हिशेबाने मी शून्य. इझारकाठचा म्युनिकमध्ये हॉटेलात बसणार, मी बदलापूरहून बसला लोंबकळणार. नियम पाळला हीच चूक.

---

इझारकाठचा | ११ ऑगस्ट २०२१, दुपारी १:०५

तुझं खरं आहे रे. पण इथेही सहा महिने उलटले की "बरा झालेला" एका रात्रीत साधा माणूस होतो. १८० दिवसांपर्यंत हॉटेलात, १८१ व्या दिवशी फुटपाथवर. शरीराला यातलं काही माहीत नसतं.

---

निसर्गमित्र_७२ | २८ ऑगस्ट २०२१, रात्री ९:३०

इस्रायलचा मोठा अभ्यास आलाय, वाचला का? करोना होऊन गेलेल्यांपेक्षा नुसती लस घेतलेल्यांना डेल्टाची लागण होण्याचा धोका १३ पट. मी काय म्हणत होतो?

---

सूक्ष्मदर्शी | २९ ऑगस्ट २०२१, सकाळी ११:००

वाचला. अजून तज्ज्ञांनी तपासून छापलेला नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. तुमच्या बाजूचा मुद्दा आहे, मान्य. नुसत्या दोन डोसपेक्षा होऊन गेलेला आजार काही वेळा जास्त राखतो.

आता त्याच अभ्यासातलं शेवटचं वाक्यही वाचा. होऊन गेलेल्यांतही ज्यांनी वर एक डोस घेतला, त्यांना नुसत्या बरे झालेल्यांपेक्षा आणखी संरक्षण मिळालं. आणि याच महिन्यात अमेरिकेतल्या केंटकीहून आलेलं: बरे होऊन लस न घेतलेल्यांत पुन्हा लागण होण्याची शक्यता, बरे होऊन पूर्ण लस घेतलेल्यांच्या २.३४ पट. तुमची तुलना होती आजार विरुद्ध लस. हळकुंडच्या आईला तो पर्याय उरलेलाच नाही, तिला आजार होऊन गेलाय. तिच्यापुढे प्रश्न एवढाच, वर लस घ्यायची की नाही.

कालच आपल्याकडचाही एक आला. चेन्नईत आरोग्य कर्मचाऱ्यांवर, कोव्हॅक्सिनचा. आधी होऊन गेलेल्यांना एका डोसने जेवढ्या अँटीबॉडी आल्या, तेवढ्या इतरांना दोन डोसने.

---

तळलेला_बटाटा | २९ ऑगस्ट २०२१, सकाळी ११:२०

सगळं ठीक. अण्णांच्या नऊ दिवसांचं काय झालं? मला त्याची काळजी.

---

हळकुंड | २९ ऑगस्ट २०२१, रात्री १०:१५

बटाट्या, ते नऊ दिवस कृष्णेने घेतले.

२४ जुलै, म्हणजे कॅलेंडरवर "१६ आठ. संपले" लिहिलेला शनिवार. त्या दिवशी आयर्विन पुलापाशी पाण्याने ४५ फुटांची धोक्याची पातळी कधीच ओलांडली होती आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं होतं. २०१९ पाहिलेलं, त्यामुळे कुणी थांबलं नाही. घर सोडताना अण्णांनी तीन गोष्टी उचलल्या. बीपीच्या गोळ्या, पासबुकं आणि भिंतीवरचं कालनिर्णय. आई ओरडतेय, अहो गॅस बंद केलात का, आणि हे खिळ्यावरून कॅलेंडर काढतायत. मिरजेला मावशीकडे राहिले दोघं. शेजारचे ३४०० वाले काकाही तिथेच जवळ, एकाच रिक्षातून गेले. आकड्यांचा विषय तेव्हापासून बंद.

घरात गुडघाभर आलं होतं. चिखल काढण्यात २ ऑगस्टही गेला. ९ ऑगस्टला दोघांनी एकदमच लस घेतली, अण्णांचा दुसरा, आईचा पहिला. अण्णांना काही झालं नाही. आईला रात्री १०२ ताप. डॉक्टर, तुमचे शब्द पाठ होते म्हणून घाबरलो नाही. पण आईने जाहीर केलंय, पुन्हा टोचून घेणार नाही.

---

सुईदोरा | २९ ऑगस्ट २०२१, रात्री १०:४०

माझं मशीन पाण्यात होतं २०१९ ला. काळजी घ्या गं. ओल लवकर जात नाही.

---

ओसरी | ७ जानेवारी २०२३, सायंकाळी ६:१०

चीनच्या बातम्या बघून हा धागा शोधून काढला. सासूबाईंनी शेवटी दोन्ही डोस घेतले होते, गेल्या वर्षी ओमायक्रॉनही होऊन गेला. आता पुन्हा विचारतायत, परत लस घ्यायची का? हळकुंड, तुमच्याकडे काय चाललंय?

---

हळकुंड | ८ जानेवारी २०२३, दुपारी ३:२५

आई अजून शब्दाला पक्की आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये आशाताई दोनदा घरी येऊन गेल्या, आईने चहा दिला, दंड दिला नाही. मग जानेवारी २०२२ मध्ये दोघांनाही ओमायक्रॉन. अण्णांचे दोन डोस, आईचा एक. दोघांना तितकाच खोकला, तितकेच दिवस. आईला एक दिवस कमीच. अण्णांचा फार संताप झाला. मे महिन्यात त्यांनी बूस्टर घेतला तो रागानेच, असं आई म्हणते.

सूक्ष्मदर्शीताई, आता आईला काय सांगू?

---

सूक्ष्मदर्शी | ८ जानेवारी २०२३, रात्री ८:५०

सांगा की दोन माणसांचा विदा (डेटा) नसतो, संसार असतो.

पण आई अपवाद आहे असंही नाही. होऊन गेलेला आजार आणि वर एक डोस, यातून बऱ्यापैकी वही भरते, हे आपण २०२१ पासून बोलतोय. ओमायक्रॉनने मात्र माप इतकं बदललं की लागण कुणाचीच फारशी टळली नाही, मायाही पुरी पडली नाही. टिकलं ते गंभीर आजाराविरुद्धचं संरक्षण. अण्णा २०२१ मध्ये ऑक्सिजनवर होते आणि २०२२ मध्ये खोकत खोकत आईशी भांडत होते, फरक तिथे बघा.

ओसरी, सासूबाईंचं वय आणि बाकी आजार बघून त्यांच्या डॉक्टरांना विचारा. वयस्कर माणसांना आठवण करून दिलेली बरी, एवढं मी सर्वसाधारण म्हणेन.

---

हळकुंड | १२ जानेवारी २०२३, सकाळी ७:२०

आत्ताच अण्णांचा फोन. नवीन कालनिर्णय लावलंय. २०२१ चं रद्दीत दिलं का विचारलं तर म्हणाले, नाही, खाली पाण्याचा डाग आहे पण पेन्सिल पुसली गेलेली नाही. आईच्या दुसऱ्या डोसची तारीख त्यांनी त्यात तेव्हाच लिहून ठेवली होती, १ नोव्हेंबर, ८४ दिवस मोजून. शेजारी आईने पेनने लिहिलंय, "गाडी रद्द."

---

तळलेला_बटाटा | १२ जानेवारी २०२३, सकाळी ७:३१

काकूंचा आयडी काढून द्या. मी निवृत्त होतो.